निवृत्तीच्या पैशाची पट्टी

पनवेलमध्ये पैसे बुडाल्याचा विषय निघाला की पहिलं नाव येतं कर्नाळा बँकेचं. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. त्याआधी ठेवीदारांच्या रांगा लागल्या, मोर्चे निघाले, पोलिसांत गुन्हे दाखल झाले, संचालकांची नावं पेपरात आली. ठेव विम्यामुळे पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळायची सोय होती, त्यावरच्या पैशांवर मात्र लोकांनी उसासे टाकले. गावाला राग आला आणि तो कुणावर काढायचा हेही गावाला माहीत होतं.

त्याच गावात आणखी एका वाटेने निवृत्तीचा पैसा गेला. त्यासाठी रांग लागली नाही आणि मोर्चाही निघाला नाही. त्या पैशाची गोष्ट मला आमच्या नवीन पनवेलच्या घरातल्या एका जुन्या फाईलमध्ये सापडली.

बाबांनी २००७ च्या अखेरीस तळोज्याच्या एका कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. हातात एकरकमी पैसे आले. मी तेव्हा दहावीत होतो. पैसे खात्यावर जमा झाल्याच्या आठवड्यातच बँकेतला एक तरुण अधिकारी घरी आला. आईने चहा केला. तो बाबांना ‘काका’ म्हणत होता आणि बाबा त्याला ‘साहेब’. "काका, फक्त तीन वर्षं भरायचे. मग आयुष्यभर पेन्शनची काळजी नाही," असं तो म्हणाल्याचं मला आठवतं. जानेवारी २००८ मध्ये बाबांनी एक लाखाचा पहिला हप्ता भरला.

त्याच महिन्यात सेन्सेक्स २१ हजारांवर गेला होता. ऑक्टोबरात तो नऊ हजारांच्या खाली आला. बाबांच्या स्टेटमेंटवर तीस हजारांच्या आसपास आकडा दिसू लागला. "बाजार पडला, त्याला कोण काय करणार?" एवढंच ते म्हणाले आणि उरलेले दोन हप्ते भरत राहिले.

बऱ्याच वर्षांनी मी ती फाईल उघडली, तेव्हा पहिल्याच पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं: एक लाखापैकी ७० हजार रुपयेच गुंतवले गेले होते. ३० हजार ‘प्रीमियम अलोकेशन चार्ज’ म्हणून आधीच कापून घेतले होते. म्हणजे बाजार पडायच्या आधीच बाबांचे ३० टक्के पडले होते. बाजार पुढे वर आला. ते ३० हजार आले नाहीत.

मंडईतला कागद

पनवेलच्या आसपासच्या ज्या घरांत अजून शेती आहे, तिथे ‘पट्टी’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. माल बाजार समितीत गेला, अडत्याने तो विकला, की शेतकऱ्याच्या हातात हिशेबाचा एक कागद येतो. माल किती, भाव काय, आणि त्यातून अडत, हमाली, तोलाई किती गेली. शेवटी हातात काय उरलं. पट्टी पाहून शेतकरी शिव्या देतो, पण निदान कशाला शिव्या द्यायच्या हे त्याला दिसतं.

दिसत होतं म्हणूनच अडतीवर भांडण होऊ शकलं. ही अडत शेतकऱ्याने द्यायची की माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने, हा महाराष्ट्रातला जुना वाद. डिसेंबर २०१४ मध्ये पणन संचालकांनी ती खरेदीदाराकडून घ्यावी असा आदेश काढला आणि तो लगेच स्थगित झाला. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळभाज्यांच्या बाबतीत तोच निर्णय कायद्याच्या बळावर घेतला, तेव्हा वाशीच्या बाजारात व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. भांडण मोठं झालं, कारण कापणारा हात आणि कापलेली रक्कम दोन्ही सगळ्यांना ठाऊक होते.

निवृत्तीच्या पैशाला अशी पट्टी नव्हती. ती कशी येत गेली आणि तिच्यासाठी कोण कुणाशी भांडलं, हा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. त्यातली बरीचशी लढाई पनवेलपासून तासा-दीड तासाच्या लोकल प्रवासावर, मुंबईत लढली गेली.

आजोबांच्या काळातली दलाली

आधीच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण निवृत्तीचा बहुतेक पैसा सरकारच्या हातात असे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. त्याच्या कारभाराचा खर्च मालक वेगळा भरतो. आज तो पगाराच्या अर्ध्या टक्क्याइतका आहे. कामगाराच्या खात्यातून तो जात नसल्यामुळे कामगाराला तो कधी टोचला नाही.

पण दलाली त्या काळातही होतीच. एलआयसीची स्थापना १ सप्टेंबर १९५६ ची, पण एजंटच्या कमिशनचे नियम त्याहून जुने, १९३८ च्या विमा कायद्यातले. त्याच कायद्याच्या ४१ व्या कलमाने एजंटला आपल्या कमिशनमधला वाटा ग्राहकाला परत द्यायला बंदी केली. तरी "पहिला हप्ता मी भरतो, तुम्ही फक्त सही करा" हे वाक्य मराठी मध्यमवर्गात कुणी ऐकलं नाही? पहिल्या हप्त्यातला मोठा भाग एजंटला मिळतो हे अख्ख्या चाळीला माहीत असे. फक्त तो कागदावर नसे.

पोस्टातही तेच. पीपीएफ खातं उघडून देणाऱ्या एजंटला सरकार एक टक्का आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर अर्धा टक्का कमिशन देई. रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर श्यामला गोपीनाथ यांच्या समितीच्या शिफारशींनंतर १ डिसेंबर २०११ पासून दोन्ही कमिशनं बंद झाली. हे पैसे सरकार देत होतं, खातेदाराच्या व्याजातून कापले जात नव्हते. त्यामुळे ते सुरू असताना कुणी हरकत घेतली नाही आणि थांबले तेव्हा एजंट सोडून कुणाला वाईट वाटलं नाही.

खरा पेच पडला तो बचत बाजाराकडे वळल्यावर. २००० साली विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं. म्युच्युअल फंड वाढत होते. आता पैसा वर्षानुवर्षं कुणाच्या तरी ताब्यात राहणार होता आणि त्यातून दरवर्षी टक्केवारी कापली जाणार होती.

लाखामागे नव्वद पैसे

हा धोका वेळेवर ओळखणाऱ्यांत एक नाव सुरेंद्र दवे यांचं. सेबीचे ते पहिले अध्यक्ष. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जानेवारी २००० मध्ये ‘ओअॅसिस’ नावाने ओळखला जाणारा अहवाल दिला. ज्यांना सरकारी पेन्शन नाही त्यांच्या म्हातारपणाचं काय, हा त्याचा प्रश्न होता. उत्तराचा गाभा साधा होता. प्रत्येकाला एक कायमचं खातं असावं, सगळ्या खात्यांच्या नोंदी एकाच ठिकाणी ठेवाव्यात म्हणजे खर्च विभागला जाईल, आणि पैसा सांभाळणाऱ्या कंपन्यांना कमी फीसाठी एकमेकींशी झगडायला लावावं.

नोंदी स्वस्तात ठेवण्याचं तंत्र तोवर मुंबईत उभं राहिलं होतं. १९९२ च्या हर्षद मेहता प्रकरणानंतर शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवायची व्यवस्था आली आणि १९९६ मध्ये एनएसडीएल सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख चंद्रशेखर भावे. महाराष्ट्र केडरचे हे सनदी अधिकारी सरकारी नोकरी सोडून सेबीत आले होते आणि तिथून एनएसडीएलमध्ये. नव्या पेन्शन योजनेच्या, म्हणजे एनपीएसच्या, नोंदी ठेवायचं काम पुढे याच संस्थेला मिळालं.

एनपीएस १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना लागू झाली, १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्राच्या सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली, आणि १ मे २००९ ला योजना सर्वांसाठी उघडली. पैसा सांभाळण्याची फी बोलीत उतरत उतरत ०.०००९ टक्क्यांवर आली होती. लाखामागे वर्षाला नव्वद पैसे. नोंदणीचे आणि व्यवहाराचे ठरावीक रुपये वेगळे होते, तरी जगात इतकी स्वस्त पेन्शन शोधून सापडली नसती.

आणि ती कुणी घेतलीच नाही. नवीन पनवेलच्या आमच्या घरी ती सांगायला कुणी आलं नाही. का येईल? फॉर्म भरून घेणाऱ्याला एका व्यवहारामागे जेमतेम वीस-चाळीस रुपये मिळत होते. दुसऱ्या हातात बाबांच्या पॉलिसीसारखी वस्तू होती. २०१० मध्ये जी. एन. बाजपेयी यांच्या समितीला हाच प्रश्न तपासावा लागला, आणि विकणाऱ्याला काहीतरी मोबदला हवा अशा निष्कर्षाला ती आली. पुढे एनपीएसमधली फी वाढवली गेली. २०२१ मध्ये पैसा सांभाळणाऱ्यांची फी ०.०९ टक्क्यांपासून खाली उतरत जाई. तीही कमीच होती.

म्हणजे दलाल हा नुसता खलनायक नाही. म्हातारपणासाठी पैसे बाजूला काढा हे माणसाला आपणहून सुचत नाही. कुणीतरी चार वेळा घरी येऊन सांगावं लागतं. त्या चार खेपांची किंमत असते. ती किती हे आधी सांगितलं जात नाही, तिथून भांडण सुरू होतं.

२०१० चा उन्हाळा

फेब्रुवारी २००८ मध्ये भावे सेबीचे अध्यक्ष झाले. तेव्हा म्युच्युअल फंडात पैसे टाकले की सुरुवातीलाच साधारण सव्वादोन टक्के ‘एंट्री लोड’ कापला जाई आणि तो वितरकाकडे जाई. सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून एंट्री लोड बंद केला. सल्ल्याचे पैसे ग्राहकाने वेगळा चेक देऊन द्यावेत, म्हणजे आपण कशासाठी किती देतोय हे त्याला कळेल, असा विचार होता. थोडक्यात, पट्टी द्या.

वितरक संतापले. बरेचजण शेजारच्या दुकानात गेले, जिथे असा नियम नव्हता. त्या दुकानाचं नाव युलिप: विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी. बाबांची ‘पेन्शन’ याच जातीची होती. तिचा पैसा शेअर बाजारातच जाई, पण तिच्यावर विमा नियामक इर्डाची हुकमत होती.

९ एप्रिल २०१० ला सेबीने १४ विमा कंपन्यांना आमच्या नोंदणीशिवाय युलिप विकायच्या नाहीत असा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी हैदराबादच्या इर्डाने कंपन्यांना कळवलं, आदेशाकडे लक्ष देऊ नका, विक्री चालू ठेवा. देशाच्या दोन नियामक संस्था उघड भांडत होत्या. अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांना मध्ये पडावं लागलं. प्रकरण न्यायालयात जाणार असं दिसत असतानाच १८ जूनला सरकारने वटहुकूम काढला: युलिप हा विमाच, तो इर्डाच्या अखत्यारीत. नियामकांमधले असे वाद सोडवायला अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची तरतूदही त्यात होती, आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर डी. सुब्बाराव यांनी आक्षेप घेतला.

सेबी हरली. पण भांडण चव्हाट्यावर आल्याने झाकलेलं उघडं पडलं. पहिल्या हप्त्यातून किती कापतात याचे तक्ते वर्तमानपत्रांत छापून आले. १ सप्टेंबर २०१० पासून इर्डाने स्वतःच नवे नियम लागू केले. पैसे अडकून राहण्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली, खर्चाला मर्यादा आली, तो वर्षांवर पसरवावा लागला. पॉलिसी मध्येच सोडली तर मोठ्या हप्त्याच्या पॉलिसीवरही पहिल्या वर्षी सहा हजारांहून जास्त दंड घेता येईना. आधी काही पॉलिसींमध्ये जवळजवळ अख्खा हप्ता जाई. पेन्शनच्या युलिपवर साडेचार टक्के परताव्याची हमी सक्तीची झाली, तेव्हा कंपन्यांचा त्या विकण्यातला उत्साहच मावळला.

हे नियम नव्या पॉलिसींना होते. बाबांची जुनी होती.

त्या काळाचा हिशेब पुढे मोनिका हालन, रेणुका साने आणि सुझन थॉमस या तिघींनी मांडला. बंद पडलेल्या पॉलिसींवरून त्यांनी काढलेला अंदाज असा, की २००४-०५ ते २०११-१२ या काळात चुकीच्या विमाविक्रीमुळे ग्राहकांचे सुमारे दीड लाख कोटी रुपये गेले. या आकड्याभोवती एकही रांग कधी लागली नाही.

एकट्याने भांडायची वाट

बाबा भांडू शकले असते का? मी हा प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, "त्या पोराने फसवलं असं मला वाटलंच नाही रे. आणि सही माझीच होती."

मार्ग होते. विमा लोकपालाची व्यवस्था १९९८ पासून आहे. तक्रारीला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही. पण कंपनीने नकार दिल्यावर वर्षभरात जावं लागतं, आणि बाबांनी कंपनीला पत्रच लिहिलं नव्हतं. पॉलिसी हातात आल्यावर पंधरा दिवसांत परत करायचीही सोय होती, ती कुणी सांगितली नव्हती. ग्राहक मंचासाठी पनवेलच्या माणसाला जिल्ह्याच्या गावी, अलिबागला जावं लागे. तिथेही वाट सरळ नव्हती. २०१३ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एका युलिप प्रकरणात म्हटलं, की बाजारात नफा मिळवायला घेतलेली पॉलिसी म्हणजे सट्ट्यासारखी गुंतवणूक, तेव्हा अशी व्यक्ती ‘ग्राहक’ ठरत नाही. विकताना जी ‘पेन्शन’ होती, ती तक्रारीच्या वेळी ‘सट्टा’ झाली.

याच सुमारास अमेरिकेत एक वेगळा खटला चालू होता. कॅलिफोर्नियातल्या एडिसन या वीज कंपनीचे कर्मचारी आपल्याच कंपनीच्या निवृत्ती योजनेविरुद्ध २००७ मध्ये कोर्टात गेले होते. त्यांची तक्रार आपल्यालाही सहज समजेल अशी आहे: एकाच फंडाचे दोन प्रकार आहेत, एक किरकोळ ग्राहकांसाठी महाग, दुसरा मोठ्या संस्थांसाठी स्वस्त; तुम्ही हजारो लोकांचे पैसे एकत्र गुंतवता, मग आमच्या माथी महाग का? मे २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की एकदा फंड निवडून विश्वस्तांची जबाबदारी संपत नाही, त्यांनी तो वेळोवेळी तपासत राहिलं पाहिजे. फरक फक्त एक टक्क्याच्या अंशांचा होता. पण ते कर्मचारी एकत्र होते, आणि दोन प्रकारांच्या किमती शेजारी शेजारी ठेवून दाखवता येत होत्या. बाबा एकटे होते आणि त्यांच्याकडे शेजारी ठेवायला दुसरा कागदच नव्हता.

तुमच्या फोनमधली पट्टी

तो दुसरा कागद आपल्याकडे १ जानेवारी २०१३ ला आला. त्या दिवसापासून प्रत्येक म्युच्युअल फंडाला वितरकाशिवाय मिळणारा ‘डायरेक्ट’ प्रकार द्यावा लागला. फंड तोच, शेअर तेच, फक्त दलाली वजा. तुमच्या फोनवर एकाच फंडाची दोन नावं दिसतात, एकापुढे ‘रेग्युलर’ आणि दुसऱ्यापुढे ‘डायरेक्ट’, ती यामुळे. ऑक्टोबर २०१६ पासून सहामाही एकत्रित स्टेटमेंटवर वितरकाला किती रुपये गेले तेही छापावं लागतं. टक्क्यांत नाही, रुपयांत. मंडईतली पट्टी शेवटी गुंतवणूकदाराच्या ईमेलमध्ये पोचली.

एक टक्का म्हणजे काय, हे एकदा करून बघा. २० लाख रुपये २० वर्षं ठेवले आणि समजा दरवर्षी १० टक्के वाढ मिळाली, तर सुमारे १ कोटी ३४ लाख होतात. दरवर्षी एक टक्का फी जाऊन ९ टक्के उरले, तर १ कोटी १२ लाख. फरक २२ लाखांचा, म्हणजे सुरुवातीला ठेवलेल्या पैशापेक्षा जास्त. वाढ किती मिळेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. फी मात्र ठरलेली असते.

तुमच्या अॅपवर ‘शून्य ब्रोकरेज’ लिहिलेलं असेल, तरी बाकीच्या ओळी वाचा. शेअर बाजार दलालांकडून उलाढालीनुसार कमी होणाऱ्या दराने शुल्क घेत आणि दलाल ग्राहकाकडून वरचा दर घेऊन मधला फरक ठेवत, हे सेबीने १ ऑक्टोबर २०२४ पासून थांबवलं. आता सगळ्यांना एकच दर. त्याआधी कितीजणांना हा फरक माहीत होता? विम्याची पॉलिसी परत करायची मुदत त्याच वर्षी पंधरा दिवसांवरून तीस दिवस झाली. घरात कुणी नुकतेच निवृत्त झाले असतील, तर हा तीस दिवसांचा आकडा त्यांना आजच सांगा.

परवा मी बाबांच्या नावाचं स्टेटमेंट त्यांना मोठ्या अक्षरांत करून फोनवर दाखवलं. वितरकाला गेलेली रक्कम असलेल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. चष्मा वर केला, परत खाली घेतला.

"हे आधी दाखवलं असतं," ते म्हणाले, "तर त्या पोराला निदान विचारलं तरी असतं."